हुरहूर मरणार नाही

"शेवटच्या अंकात तिला मरावं लागेल," डॉ. मेधा सोवनी म्हणाल्या. "पण वाईट पद्धतीनं नाही. हळूच विरघळून. मुलांना घाबरवायचं नाहीये आपल्याला."

राजमती शिरगुप्पेनं समोरच्या चहाला हात लावला नव्हता. या बैठकीसाठी ती सकाळीच सांगलीहून पुण्याला आली होती. विषय काय असेल याची प्रकाशकानं फोनवर थोडी कल्पना दिली होती, पण ते असं समोरासमोर, इतक्या गोड आवाजात ऐकायला मिळेल असं तिला वाटलं नव्हतं.

जिला मारायचं होतं ती हुरहूर. राजमतीच्या चित्रकथेतली नायिका. उंच, काटकुळी, वेण्या सुटत आलेल्या, एका पायात चप्पल आणि दुसरा अनवाणी. चालायची पुढं, पण मान सतत मागच्या रस्त्याकडं वळलेली. निश्चिंतराव नावाच्या राजाच्या राज्यात ती दारोदार फिरायची. त्या राज्यात कुणी कुणाची वाट पाहत नसे. हुरहूर एखाद्या दारावर टकटक करायची आणि आतल्या माणसाला एकदम आठवायचं, की अरे, आपलं कुणीतरी परतलेलं नाही. मग तो माणूस कंदील घेऊन घराबाहेर पडायचा आणि तिथून गोष्ट सुरू व्हायची. राजाचे शिपाई तिच्या मागावर असायचे आणि ती दर अंकात निसटायची. पोरांना ती थोडी भीतीदायक वाटायची आणि फार आवडायची.

ती कुठून आली हे राजमतीनं कुठल्याच मुलाखतीत सांगितलं नव्हतं. तिची मुलगी आर्जवी मेंदूज्वरानं गेली तेव्हा आठ वर्षांची होती. त्यानंतर शाळेची रिक्षा यायच्या वेळेला राजमतीचे पाय आपोआप गॅलरीकडं वळायचे. आर्जवी येणार नाही हे तिला पक्कं ठाऊक असायचं. तरीही. त्या 'तरीही'ला एक चेहरा असावा असं वाटून तिनं एके दिवशी पेन्सिल उचलली होती.

"आमचं म्हणणं इतकंच आहे," सोवनी पुढं म्हणाल्या, "की छोटी निवळी बाजारात येतेय. मुलांनी ती आनंदानं लावावी. आणि आख्ख्या महाराष्ट्रातल्या मुलांना हुरहूर म्हटलं की तुमचीच मुलगी आठवते."

'तुमचीच मुलगी' हे शब्द त्यांनी सहज वापरले होते. राजमतीनं ते गिळले.

"मला आधी सांगा, ही निवळी नेमकं करते काय?" तिनं विचारलं. "माझा नवरा ती लावतो. पण मला कधी कुणी नीट समजावलं नाही."

सोवनींचा चेहरा उजळला. निवळी त्यांनीच शोधली होती, ती विकणारी कंपनीही त्यांचीच होती.

"गढूळ पाण्यात निवळीची बी उगाळून टाकली की गाळ खाली बसतो ना, तसं. मेंदूत हुरहुरीचा असा वेगळा कप्पा नाही. मेंदूचा एक भाग काय काय होतं ते लक्षात ठेवतो. दुसरा भाग सतत अंदाज बांधत असतो, की आता पुढच्या क्षणी काय असायला हवं. तुम्ही दार उघडता तेव्हा आत कोण दिसेल, हे तो आधीच ठरवून ठेवतो. अंदाज चुकला, जागा रिकामी निघाली, की या दोन भागांमध्ये एक विशिष्ट लय सुरू होते. तीच मज्जातंतूवरून खाली छातीपर्यंत उतरते. आत काहीतरी कालवतंय असं आपण म्हणतो, ते हेच."

"आणि निवळी?"

"कानामागं लावलेली ती चकती ही लय ओळखते आणि ध्वनीची अतिसूक्ष्म स्पंदनं बरोबर उलट्या ठेक्यात आत सोडते. लाटेवर उलटी लाट. दोन्ही विरतात. स्मरणशक्ती शाबूत, अंदाज शाबूत, बुद्धी शाबूत. फक्त मधली टोचणी जाते." त्या खुर्चीत थोड्या पुढं सरकल्या. "माझी आई शेवटची कित्येक वर्षं खिडकीत बसून होती, माझ्या भावाची वाट बघत. तो येणार नव्हता. मी हे यंत्र का बनवलं असेल ते तुम्हाला कळू शकेल."

राजमतीला ते कळलं. जेवणाच्या सुट्टीत ती व्हरांड्यात आली आणि तिनं घरी फोन लावला. कारण काही नव्हतं. रोज या वेळेपर्यंत अण्णांचा, तिच्या वडिलांचा, एखादा तरी फोन येऊन जायचा. आज आला नव्हता.

फोन भरतेशनं उचलला. तो कॉलेजात भूगोल शिकवायचा आणि आज त्याला सुट्टी होती.

"अण्णा काय करतायत?"

"बाहेर गेलेत."

"जेवून?"

"नाही, सकाळीच गेलेत. फिरायला."

"सकाळी गेलेले अजून आले नाहीत?"

"नाही आले." त्याचा आवाज संथ, प्रेमळ होता. "येतील की. ताट झाकून ठेवलंय मी त्यांचं."

"फोन नेलाय का त्यांनी?"

"इथंच आहे, टेबलावर."

राजमतीनं कठडा घट्ट धरला. "भरतेश, ते कुठं गेले असतील?"

"हरिपूरच्या बाजूला बहुतेक. जुन्या पेवांकडं. काल म्हणत होते, बापाची हळद कुठल्या पेवात असायची ते बघून येतो म्हणून." आणि मग हवामान सांगावं तशा सुरात त्यानं जोडलं, "ती पेवं खचलेली आहेत, पाय घसरायची शक्यता आहे तिथं."

त्याला सगळं माहीत होतं. म्हातारा माणूस, उपाशीपोटी, फोनशिवाय, जमिनीत खोल खणलेल्या आणि ढासळलेल्या हळदीच्या कोठारांकडं गेलेला. भरतेशनं एकेक गोष्ट बरोबर ओळखली होती, आणि तो घरात शांतपणे बसून होता.

"ऊठ," ती ओरडली. व्हरांड्यातली माणसं वळून बघायला लागली. "आत्ता ऊठ, गाडी काढ आणि तिकडं जा. जाताना शेजारच्यांना घे. दोरी घे. भरतेश, पळ!"

"बरं," तो म्हणाला आणि खरोखरच पळाला.

सांगितल्यावर त्यानं सगळं चोख केलं. दोर, बॅटरी, रुग्णवाहिका, काही विसरला नाही. अण्णा एका खचलेल्या पेवात सापडले. मांडीचं हाड मोडलेलं, ओठ सुकलेले. आयुष्यभर शाळेत कवायत शिकवलेला माणूस तो. दिवसभर खालून "सावधान! विश्राम!" असं ओरडत राहिला होता, कारण मदतीसाठी हाका मारायची त्याला लाज वाटत होती. राजमती सांगलीच्या इस्पितळात पोचली तेव्हा त्यांचा आवाज पार बसला होता.

"जावयाला काही बोलू नकोस," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "देवमाणूस आहे. मला पाठीवर घेऊन चढला."

"सकाळपासून घरात बसून होता तो, अण्णा."

"तेच म्हणतोय मी. त्याचा दोष नाही तो. आर्जवीला ताप आला तेव्हा गावातले सगळे डॉक्टर यानंच उठवले होते. असा माणूस आपण होऊन बसून राहील का? त्याला कुणीतरी बसवून ठेवलंय."

भरतेश बाहेरच्या बाकावर बसला होता. हातात रहस्यकथेचं पुस्तक होतं. अशा पुस्तकांचं त्याला पूर्वी वेड होतं. खुनी कळेपर्यंत भाजी करपली तरी त्याला पत्ता नसायचा.

"मला माहीत होतं, राजी," तो स्वतःहून म्हणाला. "मी अण्णांना विसरलो नव्हतो. ते आलेले नाहीत हेही दिसत होतं. पण ते टोचलं नाही. भिंतीवरचं घड्याळ दिसतं ना, तसं दिसत होतं."

"काढून टाक ती चकती."

त्यानं कानामागं हात नेला. काढायला नव्हे, झाकायला.

"नको. ती लावायच्या आधी मी कसा होतो ते तू बघितलंयस. तुझ्याकडं पेन्सिल होती. माझ्याकडं काय होतं? मला तिकडं परत ढकलू नकोस."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. आर्जवी गेल्यानंतर हा माणूस दारात बसून राहायचा, जेवायचा नाही, कुणी हात धरून उठवलं तरच उठायचा.

त्याचं पुस्तक बाकावर उपडं पडलं होतं. तिनं उचलून पाहिलं. शेवटची चार पानंच राहिली होती.

"खुनी कोण निघाला?"

"अजून कळलं नाही. दुपारपासून तिथंच आहे."

"मग वाच की."

"वाचेन," तो म्हणाला आणि समोरच्या भिंतीकडं बघत राहिला. "तू सांगितलंस तर ऐकेन."

राजमतीनं पुस्तक मिटून बाकावर ठेवलं. मागचं आणि पुढचं, यांच्यातली रिकामी जागा. दारामागं कोण असेल, परगावी गेलेलं माणूस कधी येईल, पुढच्या पानावर काय घडेल. छातीत कालवणारी लय तर एकच होती. सोवनींनी ती मुळापासून उपटली होती, आणि तिच्याबरोबर काय काय उपटलं गेलं हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं सोवनींना फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी मनापासून हळहळ व्यक्त केली. अशी प्रकरणं विरळा असतात, भरतेशच्या चकतीची तीव्रता कमी करून देऊ, असं म्हणाल्या. मग त्यांचा सूर थोडा बदलला.

"राजमतीताई, पात्राचे हक्क प्रकाशनाकडं होते आणि त्यांनी ते आम्हाला दिलेत. तुम्ही शेवट काढला नाहीत तर आमचं चित्रं काढणारं यंत्र काढेल. तुमच्या रेषेची त्यानं इतकी तालीम केलीय की वाचकांना फरकही कळणार नाही. पण तुम्ही स्वतः काढलात तर आम्हाला बरं वाटेल. अनावरण सांगलीतच ठेवू. तुम्ही मंचावर शेवटचं पान मुलांसमोर काढा."

"येते," राजमती म्हणाली. "मुलांसमोर असेल तर नक्की येते."

नाट्यगृह भरलं होतं. पुढच्या रांगांत एका शाळेची मुलं बसली होती. त्यांनी चाचणी म्हणून गेले काही महिने छोटी निवळी लावली होती. तिचे रंगीत पट्टे कानांमागून चमकत होते. मागं त्यांची भावंडं, शेजारपाजारची पोरं, आईवडील. एका बाजूला चाकाच्या खुर्चीवर अण्णा आणि त्यांच्यामागं भरतेश.

मंचावर मोठा पडदा होता. राजमती पाटीवर जी रेषा काढेल ती तिथं उमटायची. माईक हातात घेऊन ती काढता काढता गोष्ट सांगायला लागली. निश्चिंतरावाच्या शिपायांनी अखेर हुरहूरला पकडलंय. साखळदंड घातलेत. उद्या सकाळी तिला धुक्याच्या दरीत सोडणार. ती राजाकडं एकच गोष्ट मागते: मला एका शेवटच्या दारावर टकटक करू द्या. राजा हसून म्हणतो, कुठलंही दार निवड. आणि हुरहूर वळते ती थेट राजाच्याच महालातल्या एका बंद दाराकडं. ते दार कित्येक वर्षांत कुणी उघडलेलं नाही. राजाचा चेहरा पांढराफटक पडतो. तो ओरडतो, "ते नाही! ते सोडून कुठलंही!" पण हुरहूरनं हात उचलला आहे. टक. टक. आणि आतून कुणाची तरी पावलं वाजतात. कडी सरकते. दार बोटभर उघडतं.

राजमतीनं पेन खाली ठेवलं, माईक बाजूला केला आणि खुर्चीवर मागं टेकून बसली.

पडद्यावर बोटभर उघडलेलं दार होतं. सभागृह शांत.

"ताई, विरघळण्याचं चित्र राहिलं," सोवनी मंचाच्या कडेवरून हलक्या आवाजात म्हणाल्या.

"थांबा जरा. ऐका."

आधी मागून खुर्च्या करकरल्या. मग कुजबुज. मग एक पोरगं खुर्चीवर उभं राहून ओरडलं, "आत कोण आहे?" तेवढ्यानं बांध फुटला. "पुढं काय झालं? ओ ताई, दार उघडा! राजाची मुलगी आहे का आत?" कुणी पाय आपटत होतं, कुणी आईचा पदर ओढत होतं. एक लहानगी तर रडायलाच लागली.

पुढच्या रांगा स्वस्थ होत्या. मुलं हसतमुख, हात मांडीवर, मागच्या गोंधळाकडं कुतूहल नसलेल्या नजरेनं वळून बघणारी. एकजण बुटाची नाडी बांधत होता.

राजमती मंचाच्या कडेला आली आणि पहिल्या रांगेतल्या एका मुलीसमोर वाकली. "काय नाव तुझं?"

"स्पृहा."

"गोष्ट आवडली?"

"हो. छान होती."

"दारामागं कोण आहे ते जाणून घ्यायचंय?"

स्पृहानं विचार केला. शहाणं, समजूतदार मूल होतं ते. "तुम्हाला सांगायचं असेल तर सांगा," ती म्हणाली.

तिसऱ्या रांगेत एक बाई उभ्या राहिल्या. स्पृहाची आई. "हीच मुलगी," त्यांचा आवाज कापत होता, "हीच मुलगी अंक यायचा त्या दिवशी शाळेतून धावत यायची. दप्तर जिन्यात टाकून. मला वाटलं आता मोठी झाली, शांत झाली. मार्कही वाढले. स्पृहा, बाळा, तुला खरंच नाही विचारावंसं वाटत?"

"काय विचारू, आई?"

सभागृहातले आईबाप आता पडद्याकडं बघत नव्हते. ते पुढच्या रांगांकडं बघत होते, मग मागच्या, पुन्हा पुढच्या. कुणी काही समजावून सांगायची गरज उरली नव्हती.

राजमती सरळ उभी राहिली. आता तिनं माईक घेतला.

"शेवट काढायला मला बोलावलं होतं. मी काढणार नाही. यंत्र काढेल, आणि छान काढेल. पण हिला मारायला माझा हात मिळणार नाही. माझी मुलगी गेली तेव्हा हीच माझ्या दाराशी उभी होती. खूप दुखवलं तिनं मला. तिनंच मला उठवून कामाला लावलं. मध्यंतरी माझे वडील खड्ड्यात पडले होते, तेव्हाही पुण्यात माझ्या दारावर हिनंच टकटक केली. सगळं माहीत असलेला माणूस घरात बसून राहिला, कारण त्याच्या दाराशी कुणी आलंच नाही. मला शांत व्हायचं नाही. माझं माणूस आलं नाही तर माझ्या छातीत कालवलं पाहिजे."

सोवनी मंचाच्या कडेला तशाच उभ्या होत्या. "हे आम्ही मोजलंच नव्हतं," त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या.

"अवघड नव्हतं," राजमती म्हणाली. "मध्येच गप्प बसून बघायचं होतं."

मागून पोरं अजून ओरडत होती. तिनं त्यांना सांगितलं नाही. जाऊन विचार करा, म्हणाली. मला वेगवेगळी दारं उघडून दाखवा. त्या संध्याकाळी सांगलीतल्या भिंतींवर, वह्यांवर, रस्त्यावर खडूनं पोरांनी शेकडो दारं काढली आणि त्यांतून आपल्याला हवं ते माणूस बाहेर आणलं.

कंपनीनं दावा लावला. पात्राचा गैरवापर, समारंभाचं नुकसान. यंत्रानं काढलेला अंकही आला. त्यात हुरहूर सोनेरी धुळीसारखी विरून गेली होती. रेषा इतकी अचूक होती की राजमतीला स्वतःलाच दचकायला झालं. तो अंक खपला, पण फारसा कुणी वाचला नाही. पट्टा लावलेल्या मुलांना शेवटापर्यंत जायची ओढ नव्हती आणि न लावलेल्यांना तो मान्य नव्हता. पालकांच्या तक्रारींमुळं छोट्या निवळीची विक्री चौकशी होईपर्यंत थांबली. मोठ्यांची मात्र चालूच राहिली. लोक रांगा लावून घेत होते. त्यांना काय सोसवत नव्हतं ते राजमतीला माहीत होतं, म्हणून तिनं कुणाला नावं ठेवली नाहीत.

भरतेशला ती काहीच बोलली नव्हती. एका दुपारी ती स्वयंपाकघरात आली तेव्हा ओट्यावर चकती पडलेली होती आणि तो फरशीवर बसला होता.

"राजी," तो म्हणाला, "ती नाहीये गं."

जणू बातमी आत्ता आली होती. राजमती त्याच्या शेजारी खाली बसली.

"नाहीये," ती म्हणाली.

तो रडला. तसं रडताना तिनं त्याला इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं. मधेच डोकं वर करून त्यानं रागानं विचारलं, "हे तू रोज सोसत होतीस? एकटी? मी बाजूला बसून चहा पीत असताना?"

"हो."

"आणि मला कधी बोलली नाहीस?"

"बोलले असते तर तू ऐकलं असतंस. पण समजलं नसतं."

बरेच दिवस वाईट गेले. तो चिडायचा, मधेच कॉलेजातून घरी यायचा, अण्णा डुलकी घेत असले तरी उठवून बरे आहात ना म्हणून विचारायचा. अण्णांनी त्याला दोनदा झापलं आणि एकदा जवळ घेतलं. ओट्यावरची चकती पुन्हा लावावी असं त्याला वाटायचं, तसं तो बोलूनही दाखवायचा. मग एके दिवशी त्यानंच ती कचऱ्यात टाकली.

सुनावणीच्या दिवशी कंपनीच्या वकिलांनी तडजोड मांडली. राजमतीबाईंनी इतकंच लिहून द्यावं की त्या यापुढं हे पात्र काढणार नाहीत, कुठंच, कुठल्याही नावानं. कंपनी दावा मागं घेईल. राजमतीचा वकीलही कानात पुटपुटला, सही करा, सुटाल.

"आपलं काय म्हणणं आहे?" न्यायाधीशांनी विचारलं.

"साहेब, कालच दोन पानं काढलीत," राजमती म्हणाली. "आज घरी गेल्यावर तिसरं काढणार आहे. खोटं कशाला लिहून देऊ?"

न्यायाधीशांनी चष्मा काढून तिच्याकडं पाहिलं, मग पुढची तारीख दिली.

बाहेर आवारात भरतेश उभा होता. डोळे सुजलेले, दाढी वाढलेली. तिला बघताच लगबगीनं पुढं आला.

"काय झालं आत?"

"सही मागत होते. मी नाही म्हणाले."

"मग आता?"

"खटला चालेल. वर्षानुवर्षं चालेल बहुतेक."

"चालू दे," भरतेश म्हणाला. त्यानं तिच्या खांद्यावरची कागदांची पिशवी काढून आपल्या खांद्यावर घेतली. "तू काढत राहा. कोर्टात मी येऊन बसेन."